धागा: एम (नेम) मोठा की डोकं? (एका शूटरवाल्याची टेकनमध्ये झालेली धुलाई)

कोथरूडचा_कार्टा

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर झालं असं की गेल्या रविवारी आमचं टर्फचं बुकिंग पावसाने पाण्यात घातलं, मग सगळे वारज्याला मित्राच्या फ्लॅटवर जमलो आणि त्याने पीएस फाइव्हवर टेकन एट (दोघांच्या मारामारीचा गेम) लावलं. मी कॉलेजपासून काउंटर स्ट्राइक आणि आता चार वर्षं व्हॅलोरंट असे बंदुकांचे गेम खेळतोय, डायमंड ह्या वरच्या रँकला हात लावून आलोय, त्यामुळे माझा आपला समज की रिफ्लेक्स बरे आहेत, दोनचार मॅचमध्ये हात बसेल. समोर कोण तर मित्राचा आतेभाऊ, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, जाड चष्मा, एका हातात बाकरवडी. दहा मॅच खेळलो. दहाच्या दहा हरलो. आणि हरलो म्हणजे कसा, तो काझुया नावाचं कॅरेक्टर घेऊन सरपटत पुढे यायचा आणि पायात एक लाथ घालायचा, बस्स. मला ती लाथ दिसत होती हो! दिसतेय, कळतंय, आणि बोट दाबेपर्यंत मी आडवा. मग म्हटलं आता वाकूनच बसतो, तर साहेबांनी खालून असा ठोसा दिला की हवेत गेलो तो चहा येईपर्यंत खाली आलोच नाही.

निघताना वर म्हणतो कसा, "दादा, तुमच्या शूटरमध्ये काय, माउस डोक्यावर न्यायचा आणि क्लिक करायचं, त्यात विचार कुठे असतो?" तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. खरंच असं आहे का? दोन्हीकडचं खेळलेल्यांनी प्लीज लिहा.

गुपचूप_वाचक

दहा शून्य 😂😂 बाकरवडीचा तुकडा खाली पडला होता का तरी?

कोथरूडचा_कार्टा

नाही. मध्ये दोनदा हात पुसून परत खेळला, तेवढाच मला मान मिळाला म्हणायचा.

फ्रेमदाता

कार्ट्या, तुझा रिफ्लेक्सचा काही प्रश्न नाहीये, तू नको तिथे रिफ्लेक्स वापरतोयस. हिशोब बघ. गेम चालतो सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद. ती लाथ (हेलस्वीप म्हणतात तिला) साधारण १६ फ्रेममध्ये लागते, म्हणजे पाव सेकंदाच्या जरा वर. दिवा लागला की बटण दाब एवढ्या साध्या कामालाच माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, आणि इथे तर दिवा कुठला लागला ते ओळखून बटण ठरवायचंय. तेव्हा ती लाथ बघून अडवायची गोष्टच नाही. ती येणार हे आधी ठरवून वाकायचं असतं. आणि वाकलास की त्याच सरपटण्यातून तो मिड (मधल्या उंचीचा मार) मारतो, जो वाकलेल्याला लागतोच. उभं राहिलास तर लाथ, वाकलास तर ठोसा. आतेभावाने तुझ्यासमोर दहा मॅच हाच प्रश्न ठेवला आणि तू दर वेळी उत्तर शोधायला बघत बसलास.

आता चांगली बातमी. तो हेलस्वीप एकदा अडवलास ना, की तो उठायच्या आत तू त्याला हवेत उडवू शकतोस, फुकट. म्हणजे त्याच्यासाठीही तो जुगारच आहे. चारपैकी एकदा जरी बरोबर वाकलास तरी त्याचा हात आखडायला लागतो, आणि हात आखडला की मग मॅच सुरू होते.

इको_राउंड

आतेभावाला आमच्याकडे पाठवा. माउस न्यायचा आणि क्लिक करायचं म्हणे.

साल नक्की आठवत नाही पण सीएस (काउंटर स्ट्राइक) वन पॉइंट सिक्सचे दिवस, टिळक रोडच्या मागच्या गल्लीत एक कॅफे होता, तासाला वीस रुपये, माउसचे बॉल काढून लोक खिशात घालून न्यायचे म्हणून मालक प्रत्येक माउसला खालून सेलोटेप मारायचा. डस्ट टू नावाचा मॅप, बी साइटवर (बॉम्ब लावायच्या दोन जागांपैकी एक) बॉम्ब लागलेला, आमच्याकडून मी एकटा उरलेलो, समोरचाही एकच, पण तो कुठे लपलाय ते मला ठाऊक नाही. माझ्याकडे किट होतं, म्हणजे बॉम्ब काढायला पाच सेकंद (नसतं तर दहा). मी काय केलं, बॉम्बपाशी गेलो आणि ई दाबून लगेच सोडलं. तेवढ्याने डिफ्यूज सुरू झाल्याचा आवाज येतो, आणि तो आवाज त्यालाही जातो. आता त्याच्याकडे दोनच रस्ते. खरं धरलं तर बाहेर यायलाच हवं, खोटं धरलं तर बसून राहायचं. मी ई सोडून बंदूक आधीच दाराकडे वळवून ठेवलेली. आला. डोकं बंदुकीसमोर आपोआप आलं, मला माउस हलवायलाही लागला नाही. माझा एम तेव्हाही यथातथाच होता आणि आता चाळिशी लागल्यावर तर विचारूच नका.

मग खरंखुरं डिफ्यूज करायला बसलो, पट्टी शेवटाला आली आणि लाइट गेली. यूपीएस फक्त मालकाच्या काउंटरला. मागची पोरं अजून म्हणतात तो राउंड झालाच नाही.

नऊवारी_नूब

इको_राउंड 🙏🙏 लाइट गेली वाचून घशात चहा अडकला.

मी व्हॅलोरंटमध्ये ओमेन हे कॅरेक्टर खेळते, म्हणजे आमचं काम धूर सोडायचं. आमच्या टीममध्ये किल्सच्या यादीत माझं नाव बहुतेक शेवटी असतं आणि तरी मी नसले की ही मंडळी साइटवर पाय ठेवू शकत नाहीत. कारण शूटरमध्ये गोळी हा शेवटचा भाग आहे हो. त्याच्या आधी समोरच्याला काय दिसतंय, काय ऐकू येतंय, त्याच्या खिशात पैसे किती, ह्याच्यावर सगळं चालतं. पैशांचंच बघा. पहिल्या राउंडला ८०० क्रेडिट, व्हँडल ही रायफल २९०० ला. मागचे दोन राउंड समोरचे हरलेत आणि काही वाचवलं नाहीये तर ते ह्या वेळी पिस्तुलं घेऊन पळत अंगावर येणार हे पाचवीतलं पोरगंही सांगेल, मग आपण लांबून उभं राहायचं, जवळ जाऊन त्यांना फुकटची व्हँडल उचलू द्यायची नाही. आणि नेमकं तेव्हा आपल्यातला कोणी महाभाग ४७०० चा ऑपरेटर घेतो, एकटा पुढे जातो, मरतो, बंदूक त्यांच्या हातात. मग माइकवर ओरडतो की टीम नूब आहे. (माइकवर बाईचा आवाज ऐकून जे सुरू होतं ते वेगळंच, त्यावर कधीतरी वेगळा धागा काढेन. हल्ली मी पिंग मारून (न बोलता मॅपवर खूण करून) काम भागवते.)

माझ्या मते शूटर म्हणजे मेंढीकोट. भिडू पार्टनर, हुकूम झाकलेला, कोणी कुठलं पान टाकलं हे लक्षात ठेवायचं आणि आपल्याकडे दश्शी आहे की नाही हे चेहऱ्यावर दाखवायचं नाही. टेकनमध्ये हे काहीच नाही, दोघांचं सगळं स्क्रीनवर उघडं.

पेठेतला_म्हातारा

मेंढीकोट आवडलं. पण ताई, "सगळं उघडं" ह्याला माझी हरकत आहे.

मी शुक्रवारातला. लहानपणी शाळेतून येताना एका पार्लरमध्ये केओएफ (किंग ऑफ फायटर्स) सत्त्याण्णव हा मारामारीचा गेम होता, एक रुपयाचं नाणं, आणि आपला नंबर लावायचा तर नाणं स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर उभं करून ठेवायचं. तिथला एक दादा होता, आयोरी घ्यायचा. त्याच्या हाताकडे बघून काही कळायचं नाही आणि स्क्रीनकडे बघूनही नाही. नुसता पुढे-मागे, पुढे-मागे करायचा. आम्ही पोरं वैतागून हल्ला करायचो आणि तो त्याचीच वाट बघत असायचा.

पुढे आजोबांबरोबर तालमीत जायला लागलो तेव्हा कळलं की ह्याला खडाखडी म्हणतात. दोन पैलवान समोरासमोर, हाताला हात, मानेवर थाप, एक पाऊल आत, एक बाहेर, बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही. वस्ताद मात्र तेवढंच बघायचे. पुढचा पट किंवा धोबीपछाड हा खडाखडीतच ठरलेला असतो, समोरच्याने वजन कुठल्या पायावर टाकलं त्यावर. स्ट्रीट फायटरवाले ह्यालाच न्यूट्रल म्हणतात आणि मोठमोठे लेख लिहितात. मला हसू येतं, आमच्या आजोबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते ह्यात नवीन काय.

तर पानं उघडी असली तरी समोरचा पुढच्या क्षणी काय करणार ते कुठे उघडं आहे? दोघांनी एकाच वेळी ठरवायचंय. दगड-कागद-कात्रीत तरी काय लपलेलं असतं, तीनच तर गोष्टी.

आणि डाइगो ह्या जपानी खेळाडूचं ते २००४ चं इव्होमधलं (फायटिंग गेमची मोठी स्पर्धा) बघा, स्ट्रीट फायटरचा थर्ड स्ट्राइक. त्याच्या केनचा जीव एका रेघेवर, समोर जस्टिन वाँगची चुन-ली, तिने सुपर (सगळ्यात मोठा मार) काढला. नुसता ब्लॉक केला तरी त्या घासण्यानेच मेला असता. ह्याने दर लाथेला पुढे दाबून सगळेच्या सगळे पॅरी केले (म्हणजे मार न खाता परतवले) आणि उलटा कॉम्बो घालून मॅच मारली. लोक म्हणतात काय रिफ्लेक्स! अहो, पहिला पॅरी तर सुपर चमकायच्या आतच द्यावा लागतो, तो बघून देताच येत नाही. जस्टिन आत्ता सुपर काढणार हे त्याने ओळखलं होतं. (ती स्पर्धा डाइगो जिंकला नाही हे कोणालाच आठवत नाही, फायनलला हरला.)

गुपचूप_वाचक

+१ खडाखडी. हे आता स्टिकी करा कोणीतरी.

लॅगमारुती

सगळे ऑफलाइनच्या गोष्टी सांगताय म्हणून मी ऑनलाइनचं रडगाणं गातो.

शूटरमध्ये जो कोपऱ्यातून बाहेर येतो त्याला उभ्या असलेल्यापेक्षा थोडा आधी दिसतं, कारण त्याची हालचाल सर्व्हरमार्गे तुमच्यापर्यंत यायला वेळ लागतो. पीकर्स अ‍ॅडव्हांटेज. म्हणजे "मी तर कोपरा धरून बसलो होतो आणि तरी मेलो" ह्यात कधीकधी तुमची खरंच चूक नसते. आता सर्व्हर मुंबईत असल्याने पुण्यातून पिंग (सर्व्हरपर्यंत जायला-यायला लागणारा वेळ) बरा लागतो, पूर्वी सिंगापूरवर खेळायचो तेव्हा मेल्यावर कळायचं की कोणीतरी आलं होतं.

फायटिंग गेममध्ये तर १६ फ्रेमचा हिशोब, त्यात पाचसहा फ्रेम नेटने खाल्ल्या तर काय उरलं? जुन्या गेम समोरच्याचं बटण येईपर्यंत तुमचंही बटण अडवून धरायच्या, चिखलात हात घालून खेळल्यासारखं. मग टोनी कॅनन नावाच्या माणसाने (इव्हो सुरू करणाऱ्यांपैकीच एक) २००६ च्या सुमारास जीजीपीओ काढलं. त्यात गेम थांबत नाही, समोरचा काय दाबेल ह्याचा अंदाज धरून पुढे जाते आणि चुकलं तर मागे जाऊन दुरुस्त करते. रोलबॅक. गंमत बघा, खेळाडूने जे करायचं तेच नेटकोड करतो, अंदाज. आता स्ट्रीट फायटर सिक्स, टेकन एट दोन्हीकडे रोलबॅक आहे. तरी हॉस्टेलच्या वायफायवरून खेळणाऱ्यांनो, एक केबल घ्या रे, दीडशे रुपयांना मिळते, हात जोडतो.

इको_राउंड

म्हातारेबुवा, डाइगोचं मान्य. पण मला एक सांगा, फायटिंगमध्ये तीन महिने नुसती बटणं शिकण्यात जातात. पुढे, खाली, तिरकं, मग ठोसा, हे चालता चालता काढायचं. ह्यात स्ट्रॅटेजी कुठे आली? हा तर तबल्याचा क्लास झाला.

फ्रेमदाता

आणि तुमचा स्प्रे कंट्रोल काय आहे? एकेची गोळी वर जाते मग बाजूला जाते म्हणून माउस उलटा खाली ओढायचा, भिंतीवर तासन् तास गोळ्या मारून पाठ केलेला असतो ना? चालताना थांबायला उलटी की मारायची आणि मग गोळी, नाहीतर गोळी भलतीकडे. तबल्याचा क्लास दोन्हीकडे आहे, फक्त तुमच्याकडे पहिल्या दिवशी माणूस गोळी तरी झाडू शकतो आणि चुकून एखादा मरतोही. आमच्याकडे पहिल्या दिवशी मेंदूत आलेली गोष्ट हातातून निघतच नाही.

आणि कॉम्बो ही मुळात कोणी ठरवून टाकलेली गोष्टच नव्हती. १९९१ च्या स्ट्रीट फायटर टू मध्ये एका माराला लागून दुसरा मार बसतोय हे बनवणाऱ्यांच्याच लक्षात नंतर आलं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. आज आख्खा प्रकार त्या चुकीवर उभा आहे. आता सिक्समध्ये मॉडर्न कंट्रोल दिलेत, एका बटणावर स्पेशल निघतं, बदल्यात मार २० टक्के कमी. जुने लोक नाकं मुरडतात. मला विचाराल तर चांगलं केलं, हाताचा क्लास बुडवून डोक्याच्या क्लासला थेट प्रवेश.

पेठेतला_म्हातारा

नाकं मुरडणाऱ्यांत मी आहे. एका बटणावर शोर्युकेन म्हणजे रेडीमेड पुरणपोळी. खातो मी, पण मुरडणार.

नऊवारी_नूब

😂😂

पण मला एक समजत नाही. सिक्समध्ये तो ड्राइव्ह इम्पॅक्ट आहे ना, शाई उडवत येतो तो, भावाकडे खेळते तेव्हा दर वेळी खाते. तो तर मला स्पष्ट दिसतो. तरी का खाते?

फ्रेमदाता

हाच खरा मुद्दा, बरं झालं विचारलंत. तो २६ फ्रेमचा आहे, म्हणजे ४३० मिलिसेकंदांच्या आसपास. ट्रेनिंग मोडमध्ये समोर नुसता तेवढाच ठेवा, तुमची आईसुद्धा दहापैकी नऊ वेळा उलटा मारेल. पण मॅचमध्ये तुम्ही फक्त त्याची वाट बघत नसता. तो उडी मारेल का, पळत येऊन थ्रो करेल का (पकडून आपटेल का), लांबून गोळा फेकेल का, माझी ड्राइव्हची पट्टी किती उरली, कोपरा किती लांब, एवढं सगळं एकदम चालू असतं. ह्याला मेंटल स्टॅक म्हणतात. चांगला खेळाडू तुमच्या रिफ्लेक्सशी लढत नाही, तुमच्या डोक्यात एकेक ओझं वाढवत नेतो, आणि ते भरलं की सगळ्यात हळू चाल बिनधास्त टाकतो. सिंहगड रोडवर गाडी चालवताना सिग्नल दिसतोच की, पण रिक्षा, खड्डा, मागचा हॉर्न आणि फोनवर बायको असताना बघा.

इको_राउंड

हे पटलं. आमच्याकडे हेच फ्लॅश, धूर आणि पावलांचा आवाज एकदम टाकून करतात. ए साइटवर तिघांनी गोंधळ घालायचा आणि बी ला दोघे शिफ्ट दाबून हळूच.

मग वयाचं काय? मला सगळे म्हणतात आता सोड, पोरांचा खेळ आहे.

पेठेतला_म्हातारा

काही सोडू नका. हांगझोच्या एशियन गेम्समध्ये (२०२२ च्या, झाल्या २०२३ ला) स्ट्रीट फायटर फाइव्हचं सुवर्ण कोरियाच्या किम ग्वान-वू ने घेतलं, तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. चव्वेचाळीस! माझ्याहून मोठा. आपली पोरंही होती त्यात, मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास.

आणि अर्सलान अ‍ॅश. लाहोरचा पोरगा, बाहेर कोणी नाव ऐकलेलं नाही, आणि २०१९ मध्ये इव्हो जपान आणि लास व्हेगासचं इव्हो दोन्ही टेकनमध्ये एकाच वर्षी मारली, व्हेगासला फायनलला कोरियाच्या नी नावाच्या खेळाडूला हरवून. तिकडे आर्केड टिकले, रोज समोरासमोर खांद्याला खांदा लावून खेळणारे मिळाले. आपल्याकडे केओएफची मशीनं भंगारात गेली आणि तिथे आता मोबाइल कव्हरची दुकानं आहेत. तालीम बंद पडली की पैलवान कुठून येणार.

लॅगमारुती

ह्यात मोबाइलचाही हात आहे. आपली आख्खी पिढी पबजी आणि मग बीजीएमआयवर वाढली, कारण फोन सगळ्यांकडे होता. २०२० ला बंद, २०२१ ला नव्या नावाने चालू, २०२२ ला परत गायब, २०२३ ला परत हजर, तरी लोक चिकटून राहिले. टेकनला कन्सोल नाहीतर बरा पीसी लागतो, बापाला काय सांगून घ्यायचा.

डावखुरी

उशिरा आले धाग्यावर. मला दोन्हीतला फरक हरल्यानंतर जाणवतो. व्हॅलोरंट हरले की मी अर्धा तास दुसऱ्यांना शिव्या देऊ शकते, रेनाने हे केलं नाही, सोव्हाने ते केलं नाही, आणि त्यातलं थोडं खरंही असतं. टेकन हरले की खोलीत मी आणि माझा कंट्रोलर. पहिले दोन महिने मी कंट्रोलरला दोष दिला. नवीन घेतला. मग सोफ्याला दिला.

गुपचूप_वाचक

सोफा 🤣 नवीन घेतला का?

डावखुरी

घेतला, पण कारण वेगळं सांगितलं घरी.

कोथरूडचा_कार्टा

धागाकर्ता परत आलाय, दोन आठवड्यांनी. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, वहीत लिहून घेतले (खरंच).

अपडेट असं की काल परत वारज्याला गेलो. मधल्या काळात स्वतःचं टेकन घेतलं आणि आतेभावाशी ऑनलाइन चारपाच मॅच हरून घेतल्या, मुद्दाम. टेकन एटच्या रीप्लेमध्ये मधेच थांबवून आपण स्वतः खेळायला घेऊ शकतो, तेच करत बसलो. दोन रात्री बघितल्यावर एक गोष्ट सापडली. मला एकदा पाडलं आणि मी उठून मागे सरकलो की तो जवळजवळ दर वेळी हेलस्वीप मारतो. मी पुढे आलो तर नाही. मी घाबरलोय हे त्याला माझ्या मागे सरकण्यावरून कळत होतं. हे म्हणजे सीएसमध्ये मी ज्या पोरांना मारतो तसंच झालं, एकदा एका कोपऱ्यात वाचले की पुढच्या राउंडला परत तिथेच लपणारे.

मग काल पहिल्या मॅचला पडलो, उठलो, मुद्दाम मागे सरकलो, आणि काही न बघता वाकलो. लाथ अडली! एवढा आनंद झाला की पुढे काय करायचं तेच विसरलो, नुसता वाकून बसलो, आणि त्याने तेवढ्यात परत मारला. पण त्याने बाकरवडी खाली ठेवली.

शेवटचा स्कोअर तीन-सात. त्यातली एक मॅच तो फोनवर बोलत असताना जिंकलो, ती मोजली आहे.

मग मी त्याला व्हॅलोरंटवर बसवलं. पहिल्याच राउंडला टीममधल्या बाकी चौघांच्याही पुढे पळत मॅपच्या मधल्या भागातून गेला, मेला, आणि म्हणाला, "तो दिसलाच नाही की हो!" मी म्हटलं, हो ना.

नऊवारी_नूब

त्याला ओमेन देऊ नका बरं, आधी धूर कुठे सोडायचा ते शिकू दे.

फ्रेमदाता

तीन-सात म्हणजे भारीच. पण अडवल्यावर मोकळं सोडलंस त्याला?! कुठलं कॅरेक्टर खेळतोस? नाव सांग, वाकलेल्या अवस्थेतून उडवायची चाल कुठली ते सांगतो. आणि आता तो थ्रो काढायला लागेल बघ, त्याचा कुठला हात पुढे येतोय तिकडे लक्ष ठेव.

कोथरूडचा_कार्टा

किंग. मुखवटा आवडला म्हणून घेतला.

पेठेतला_म्हातारा

किंग पैलवान आहे, चांगली निवड. पुढच्या रविवारी मी येऊ का वारज्याला? नाणं पट्टीवर ठेवलं असं समजा.